एक्झॉस्टच्या भोकातून येणारा गार वारा: दोन बाथरूमच्या कामाच्या नोंदी

२ डिसेंबर. पाहणी

खालच्या मजल्यावर भिंतीतला १०० मिमीचा साधा अ‍ॅक्शियल पंखा (पाती फिरून हवा सरळ पुढे ढकलणारा) आहे. ३०० मिमी जाडीच्या भिंतीतून सरळ पाइप, बाहेर प्लास्टिकचं लूव्हर, म्हणजे हवेने उघडणाऱ्या तीन आडव्या पट्ट्यांचं झाकण. वरच्या मजल्यावर तसाच पंखा छतात बसवलेला, तिथून छपराखालच्या थंड माळ्यावरून साडेतीन मीटर लवचिक डक्ट (हवेची नळी) आणि बाहेरच्या भिंतीला बारीक जाळी. तक्रार दोन्हीकडे सारखीच: पंखा बंद असताना गार वारा अंगावर येतो.

बाहेर शून्य अंशाच्या आसपास, वारा पडलेला. पंखे बंद, खिडक्या-दारं बंद. टिश्यू पेपरचा एकच पदर सोडवून दोन सेंटिमीटर रुंद पट्टी कापली आणि जाळीसमोर धरली. खालच्या बाथरूममध्ये पट्टी लगेच खोलीच्या बाजूला उडाली. वरच्या बाथरूममध्ये उलटं झालं, पट्टी जाळीकडे ओढली गेली. तिथे हवा आत येत नव्हतीच, घरातली ऊबदार हवा बाहेर चालली होती. बाहेर झुळूक आली की मात्र तेवढ्यापुरता थंड हवेचा लोट खाली यायचा.

त्यामुळे दोन्हीकडे एकाच प्रकारची झडप लावून मोकळं व्हायचं, हा विचार इथेच बाजूला ठेवला.

३ डिसेंबर. दाबाचा हिशेब

घरातली गरम हवा हलकी असल्याने वर चढते आणि वरच्या फटींतून निघून जाते. तेवढीच थंड हवा खालच्या फटींतून आत ओढली जाते. आत २० अंश, बाहेर शून्य आणि दोन भोकांमध्ये ५ मीटर उंचीचा फरक धरला तर एकूण दाब सुमारे ४.३ पास्कल (दाबाचं एकक) होतो. फटी वर-खाली साधारण सारख्या असतील तर प्रत्येक भोकाच्या वाट्याला दोनेक पास्कल येतात.

आकडा किरकोळ वाटतो, पण १०० मिमीच्या मोकळ्या भोकातून २ पास्कलला ताशी ३० घनमीटरच्या आसपास हवा जाते. २० अंशांच्या फरकाला हे २०० वॅट झाले, दिवसरात्र. बंद पंख्याची पाती आणि लूव्हर आडवे येतात म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी असतो, तरी दुर्लक्ष करण्याइतका नाही.

वाऱ्याचं गणित वेगळंच. ५ मीटर प्रति सेकंद वाऱ्याचा पूर्ण दाब १५ पास्कल, १० मीटरला ६० पास्कल. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. भिंतीतल्या पंख्याच्या खोक्यावर जास्तीत जास्त दाब ३० पास्कल लिहिलाय. म्हणजे जोराचा वारा थेट तोंडावर असेल तेव्हा हा पंखा चालू असूनही हरतो, आणि बंद असेल तेव्हा त्याची पाती उलटी फिरतात. पंखा बंद असताना भुणभुण ऐकू येत असेल तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

थोडक्यात, खालच्या झडपेने बाहेरून येणारी हवा अडवायची आहे. वरच्या झडपेला तेवढं पुरत नाही, आतून बाहेर ढकलणाऱ्या दोन-चार पास्कलला तिने उघडायलाही नको. साधी लोंबती पट्टी पंख्याच्या दिशेनेच उघडते, म्हणून वरच्या मजल्यावर ती जवळजवळ निरुपयोगी. बाजारातल्या वर्णनात हा फरक क्वचितच सांगितलेला असतो.

६ डिसेंबर. भिंतीतला पंखा उघडला

आधी एमसीबी बंद, मग टेस्टरने खात्री. नुसत्या भिंतीवरच्या बटणावर विसंबू नये. टायमरच्या पंख्याला कायम चालू असलेली वेगळी फेज दिलेली असते आणि बटण बंद असतानाही ती तार जिवंत राहते.

पुढची जाळी आणि बॉडीचे चार स्क्रू काढल्यावर दिसलं ते असं:

बॉडीच्या मागे भोक गोल नाही, फोडून काढलेलं आहे. पाइप आणि वीट यांच्यात एका बाजूला बोटभर फट. ती थेट भिंतीच्या पोकळीत उघडते. पाइपात कितीही चांगली झडप बसवली असती तरी या फटीतून वारा येतच राहिला असता.

वायर आत येते ते भोक २० मिमीचं, वायर ८ मिमीची. उरलेली जागा उघडी.

पाइपचा उतार आतल्या बाजूला. लेव्हल लावल्यावर बुडबुडा स्पष्ट सरकला. बाहेरून शिरलेलं पावसाचं पाणी आणि पाइपात साचलेला दमटपणा पंख्याच्या बॉडीत उतरत होता, तळाला पांढरट डागांची रेघ होती.

लूव्हरच्या तीनपैकी मधली पट्टी केस आणि कपड्यांच्या तंतूंच्या चिकट थराने अर्धी उघडी अडकलेली. खालच्या पट्टीची बिजागरीची टोकं झिजून तिरकी झालेली, म्हणून ती वाऱ्यात फडफडायची. रात्रीच्या खडखडाटाचं मूळ ते.

जुनं लूव्हर धुऊन परत लावता आलं असतं. पण त्या पातळ पट्ट्या नव्या असतानाही कडांना पुरत्या टेकत नाहीत. तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

७ डिसेंबर. झडपेची निवड

तीन प्रकार टेबलावर ठेवून पाहिले.

पडद्याची झडप: गोल चौकटीत पातळ सिलिकॉनचा पडदा. अगदी कमी दाबाला उघडते, उलट्या हवेला आपोआप चिकटून बसते, आवाज नाही. बाहेर जाणाऱ्या हलक्या गळतीला मात्र अडवत नाही.

स्प्रिंगची झडप: मधल्या दांडीवर दोन अर्धगोल पानं, कडेला फोमची पट्टी. दोन्ही दिशांना बऱ्यापैकी बंद राहते. उघडायला जोर लागतो आणि पान जितकं उघडेल तितकी स्प्रिंग जास्त ताणते, म्हणून कमजोर पंख्यावर ती अर्धीच उघडून राहते.

चुंबकाची झडप: बंद असताना छोटं चुंबक पान धरून ठेवतं. एकदा सुटलं की चुंबकाचा जोर झपकन उतरतो आणि पान मोकळं होतं. तत्त्व स्प्रिंगपेक्षा सरस, पण आणलेल्या नगाचं पान उघडताना चौकटीला घासत होतं. परत केला.

पंख्यासमोर १०० मिमी पाइपचा तुकडा धरून अ‍ॅनिमोमीटरने (हवेचा वेग मोजायचं यंत्र) पाच जागी वेग घेतला आणि सरासरी काढली. झडप नसताना २.६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे २० लिटर. पडद्याच्या झडपेसह २.४, म्हणजे जवळपास १९ लिटर. स्प्रिंगच्या झडपेसह १.५, म्हणजे जेमतेम १२ लिटर. अ‍ॅक्शियल पंख्याला स्प्रिंगची झडप लावून वारा थांबवायचा आणि महिन्याभरात छताला बुरशी आणायची, असा तो सौदा आहे.

खाली पडदा, वर स्प्रिंग. पण वर स्प्रिंग लावायची तर पंखाही बदलावा लागणार.

१० डिसेंबर. खालचं काम

जुना पाइप काढला. नवा कडक पीव्हीसीचा पाइप ३०० मिमी भिंतीसाठी ३१० मिमी कापला आणि बाहेरच्या बाजूला ६ मिमी उतार दिला, म्हणजे पन्नासाला एक. आतून दोन लाकडी पाचरींवर टेकवून उतार पक्का केला.

पाइपभोवतीच्या फटीत कमी फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम. आधी विटेवर पाण्याचा फवारा, कारण हा फोम ओलाव्यावर पक्का होतो आणि सुक्या धुळीला धरत नाही. फट पूर्ण भरायची नाही, निम्मी भरून सोडायची. बाकीची तो फुगून भरतो. नेहमीचा जास्त फुगणारा फोम वापरला तर पातळ पाइप दाबून लंबगोल होतो आणि मग झडपेचं पान अडकतं किंवा पंख्याची पाती घासतात. खबरदारी म्हणून फोम वाळेपर्यंत पाइपात लाकडाची गोल चकती आधाराला ठेवली. झडप त्या वेळी आत ठेवू नये. एखादा थेंब पडद्यावर पडला तर निघत नाही. पाचरी दुसऱ्या दिवशी काढून त्या खाचा भरल्या, जादाचा फोम ब्लेडने भिंतीलगत कापला.

वायरच्या भोकात रबरी ग्रोमेट (वायरभोवती बसणारी कडी), त्याभोवती सीलंट. फोम नाही; पुढे वायर बदलायची वेळ आली तर फोम खोदून काढावा लागतो.

झडप पंख्याच्या मागे, पात्यांपासून १५० मिमी अंतरावर. पात्यांना चिकटवून बसवली की तिथल्या गरगरत्या हवेत पडदा थरथरतो आणि पंख्याचा आवाज वाढतो. चौकटीवरची वरची खूण वरच राहिली पाहिजे. पडदा वरच्या कडेला धरलेला असतो, चौकट आडवी फिरली तर एका बाजूला चंद्रकोरीसारखी फट उरते. चौकट आणि पाइप यांच्यातला अर्धा मिलिमीटर सैलपणा बंद करायला चौकटीवर पातळ फोम टेपचा एक वेढा घातला.

बाहेर लूव्हरऐवजी खाली तोंड असलेलं हूड (टोपीसारखं झाकण). सीलंट वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला, खालची कड मोकळी. चारही बाजू बंद केल्या तर मागे शिरलेलं पाणी भिंतीत मुरतं. हूडमध्ये किड्यांची बारीक जाळी आलेली होती, ती काढून १० मिमी छिद्रांची जाळी टाकली. एक्झॉस्टवर बारीक जाळी काही महिन्यांत तंतूंनी बुजते.

११ डिसेंबर. दाराखालची फट

सगळं बसवून पंखा लावला तर वेग १.३. दार उघडलं की २.३. दोष झडपेत नव्हता. गार वाऱ्याला कंटाळून कुणीतरी दाराच्या तळाला रबरी पट्टी ठोकली होती. पंख्याला बाहेर टाकायला हवा हवी, ती येणार कुठून? ७०० मिमी रुंद दाराखाली १० मिमी फट म्हणजे ७० चौरस सेंटिमीटर, आणि १०० मिमी पाइपचं क्षेत्रफळ ७८. दोन्ही आकडे जवळपास जुळतात, म्हणून १० मिमी हे माप ध्यानात ठेवण्यासारखं. पट्टी काढली, दार बंद असताना वेग २.२.

इथे एक इशारा. बाथरूममध्ये किंवा लगतच्या खोलीत खोलीतलीच हवा घेऊन जळणारा गॅस गिझर वा शेगडी असेल, तर भिंतीतलं प्रत्येक भोक एक्झॉस्टचं नसतं. ज्वलनासाठी ठेवलेली कायमची जाळी कधीही बुजवायची नाही. अशा ठिकाणी पंखा आणि गिझर एकत्र चालवल्यावर धूर उलटा खोलीत येतो का, हे गॅसच्या जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय फटी बंद करायच्या नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

१४ डिसेंबर. माळा

माळ्यावरचा लवचिक डक्ट तुळयांवरून झोपाळ्यासारखा लोंबत होता. मधल्या खोलगट भागात पेलाभर पाणी. तेवढ्या पाण्यानेही हवेची वाट अरुंद होते आणि ते डुचमळलं की आवाज येतो. जोड कापडी टेपने गुंडाळलेले. त्या टेपचा डिंक वाळून टेप नुसतीच वेढून राहिली होती. पंख्याची निम्मी हवा माळ्यातच सांडत असावी, कारण जोडाजवळच्या लाकडावर काळे ठिपके होते.

इथे सगळ्यात महत्त्वाचा निर्णय झडप नेमकी कुठे ठेवायची हा. बाहेरच्या भिंतीत ठेवली तर साडेतीन मीटर डक्टमधली हवा माळ्याइतकी थंड होते, जड होऊन जाळीतून खाली उतरते आणि तिच्या जागी घरातली गरम हवा वर चढते. एकाच पाइपात दोन्ही प्रवाह चालू. बाहेरची झडप गच्च असूनही डोक्यावर गारवा जाणवतो आणि लोक झडपेला दोष देतात. घराचं इन्सुलेशन ज्या पातळीत आहे त्याच पातळीत झडप हवी. इथे ती पातळी म्हणजे छत.

रचना अशी ठरवली: छतात फक्त जाळी, तिच्या लगेच वर उभ्या पाइपात स्प्रिंगची झडप, मग ४०० मिमी अंतर सोडून माळ्यावर इनलाइन मिक्स्ड-फ्लो पंखा (पाइपाच्या मधेच बसणारा, जास्त दाबाचा), पुढे कडक पाइप. हा पंखा अ‍ॅक्शियलच्या कितीतरी पट दाब देतो, त्याला स्प्रिंग जाणवत नाही.

उभ्या पाइपात हवा वर जाणार असेल तर पानांचं वजन झडप मिटायला मदत करतं. आडव्या पाइपात ही झडप लावायची झाली तर दांडी उभी ठेवावी. आडवी ठेवली तर एक पान वजनाने मिटतं आणि दुसरं वजनाने उघडं पडतं. हवा खालच्या दिशेला टाकणाऱ्या पाइपात ती लावूच नये.

१५ डिसेंबर. माळ्यावरचं काम

इनलाइन पंखा तुळईवर थेट न ठोकता रबरी पॅडवर. पंख्याच्या दोन्ही टोकांना १५० मिमी लांबीचे लवचिक तुकडे, पूर्ण ताणून, होज क्लिपने आवळलेले. कंप पाइपात उतरू नये एवढ्यासाठी. बाकी सगळा कडक पाइप, बाहेरच्या दिशेला उतार, दर मीटरला पट्टीचा आधार. कोपऱ्यावर एका ९० अंशाच्या बेंडऐवजी दोन ४५ चे. जोडांवर अ‍ॅल्युमिनियमची टेप, लावण्याआधी पाइप स्पिरिटने पुसून. पाइपाची दिशाही पाहावी लागते: बाहेरच्या बाजूचा तुकडा आतल्या तुकड्याला आपल्या तोंडात घेईल अशी, म्हणजे उताराने येणारं पाणी जोडातून गळत नाही.

पाइपावर ५० मिमी ग्लासवूलची नळी, वर फॉइल. छतापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत सलग. पंख्याची बॉडीही गुंडाळली, पण मोटरवर झाकण घालायला उत्पादकाची परवानगी आहे का ते माहितीपत्रकात आधी पाहून. ग्लासवूल दाबून बसवलं की निम्मा उपयोग जातो.

छतातल्या कॉलरभोवती (पाइप जिथून वर जातो ती गोल कड) माळ्याच्या बाजूने अ‍ॅक्रिलिक सीलंट. खालून जाळीच्या कडेला सीलंट लावायचा मोह होतो, पण मग जाळी धुवायला निघत नाही.

झडप बसवण्याआधी हातात धरून फुंकर मारली. एक पान दुसऱ्याच्या आधी उघडत होतं. स्प्रिंगचा एक पाय खाचेबाहेर होता, तो आत सरकवल्यावर दोन्ही पानं बरोबर हलू लागली. नवीन झडपही तपासल्याशिवाय पाइपात घालू नये. नंतर तिच्यापर्यंत पोचायला अख्खा डक्ट सोडवावा लागतो.

२० डिसेंबर. सोसाट्याचा वारा

हवी होती तशी रात्र. वारा खालच्या हूडच्या बाजूने. टिश्यूची पट्टी खाली स्थिर, झोत आला की अगदी किंचित हलते. पडदा मिटतानाचा पुसट टप् असा आवाज, दार लावल्यावर ऐकू येत नाही. वर पट्टी ढिम्म, आतही नाही, बाहेरही नाही. वरचा पंखा सुरू केल्यावर पानं दोनेक सेकंदांत पूर्ण उघडतात.

जोराच्या झोतात खालच्या पंख्याचा वेग १.४ पर्यंत उतरतो. पंख्याची ती मर्यादा आहे. झडपेकडून त्याची अपेक्षा करायची नाही. पंखा मोठ्या दाबाचा घ्यायचा किंवा तोंड दुसऱ्या भिंतीला न्यायचं.

२३ डिसेंबर. आर्द्रतेचा सेन्सर

खालच्या पंख्यात आर्द्रतेचा सेन्सर आहे आणि तो रात्री कुणी आंघोळ न करता सुरू व्हायचा. सेन्सर बिघडलाय असं वाटलं होतं. हिशेब पाहा: २० अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा १४ अंशांपर्यंत गार झाली की, पाण्याचा एक थेंबही न वाढता, आर्द्रता ७३ टक्के होते. सेन्सर ७० ला लावलेला. गार वारा आत यायचा, खोली गारठायची, सेन्सर पंखा लावायचा, पंखा खोली आणखी गारठवायचा. झडप बसल्यापासून रात्रीचं सुरू होणं थांबलं. सेन्सर होता तसाच ७० वर ठेवला.

आंघोळीनंतर पंखा १५ मिनिटं चालू राहील असा टायमर दोन्हीकडे. झडप चांगली असली तरी पंखा लवकर बंद केला तर ओल खोलीतच राहते.

६ जानेवारी. ओलाव्याची तपासणी

इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहणी. चकचकीत फॉइलवर रीडिंग खोटं येतं, म्हणून आधी काळ्या टेपचे तुकडे चिकटवले आणि त्यांच्यावर नेम धरला. छताच्या कॉलरपाशी १७ अंश, खोलीत २०. पाइपाखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं ते कोरडं. बाहेरच्या टोकाला मात्र थेंब. उतार काम करतोय. टोकाखालच्या भिंतीवर ओघळ उमटू नये म्हणून टोक १५ मिमी पुढे काढलं.

खालच्या हूडमध्ये कोपऱ्यात ओल दिसली. सीलंटचा एक इंच सुटला होता, कारण तिथे भिंतीवरचा जुना रंग खरवडायचा राहिला. रंग सुटला, सीलंट त्याच्याबरोबर आला. खरवडून, पुसून, नव्याने.

२८ जानेवारी

खालचा पडदा काढून पाहिला. कडेवर केसांचं एक बारीक वेटोळं, त्याने पडदा केसभर उचलला गेला होता. टिश्यूच्या पट्टीलाही ते कळलं होतं. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून परत. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, धूळ दुप्पट धरते. बाथरूममध्ये कपडे वाळत घातले जातात तिथे दर तीन महिन्यांनी, एरवी वर्षातून दोनदा पुरे. वरच्या झडपेच्या फोमची कड दाबून पाहिली, अजून लवचिक आहे. ती कडक होऊन चुरा पडायला लागली की फक्त फोमची पट्टी बदलता येते, ६ मिमी रुंद, बंद पेशींचा फोम.

बाकी राहिलेलं: माळ्याच्या दाराला रबरी पट्टी. तिथून येणारा गारवा आतापर्यंत एक्झॉस्टच्या नावावर खपत होता.